पिन फिरते

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सुट्टी नव्हती. संध्याकाळी पूजा केली.

आई पुण्याहून व्हिडिओवर होती. इथं जर्मनीत आल्यापासून दसऱ्याला मी पान्याची आणि स्क्रूड्रायव्हरची पूजा करतो. या वेळी आई म्हणाली, "घरात खरं शस्त्र आलंय, तर पान्याला कशाला फूल?"

"अहो आई, ती बंदूक आहे," नंदिनी म्हणाली.

"मग शस्त्रपूजेला काय लाटणं ठेवू?"

नंदिनीनं एक अट घातली. रायफल उघडून ठेवायची, आत काडतूस नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. रास्त आहे. मी रायफलीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पुस्तकासारखे उघडले आणि पाटावर ठेवले. आतला चाप, हॅमर, स्प्रिंगा, सगळं उघडं दिसत होतं.

हळदकुंकू वाहिलं. फूल वाहिलं.

"आता डोक्यावर अक्षता टाक," आई म्हणाली.

"याचं डोकं कुठलं?"

"तुझी बंदूक, तुला माहीत. सगळीकडे टाक."

सगळीकडे टाकल्या.

चाप आणि हॅमर ज्या दोन पिनांवर हलतात त्यांची टोकं बाहेरून दिसतात, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. आईला ते डोळे वाटले. त्यांनाही कुंकू लाव म्हणाली. मी काडी घेतली आणि प्रत्येक पिनेवरून बाजूच्या धातूवर उतरेल अशी एक सरळ उभी रेघ ओढली. हात सवयीनं चालला.

स्वानंदी पंधरा वर्षांची आहे. तिनं उठून खिडकीचा पडदा ओढला. "पापा, दास इस्ट झो पाइनलिश." किती लाजिरवाणं, असं जर्मनमध्ये. लाज मला वाटायला हवी होती की तिला, ते कळलं नाही.

आपट्याची पानं मिळत नाहीत. कुंपणाची पानं वाटली. रायफल मिटली, रेघा सोडून बाहेरून पुसली, कपाटात ठेवून कुलूप लावलं.

५ ऑक्टोबर, रविवार

नेमबाजीच्या क्लबात सराव. शंभर मीटर, पालथं पडून.

चाप बिघडला आहे. कधी नेहमीसारखा येतो, कधी वाळूतून ओढल्यासारखा. एकदा तर आलाच नाही. गोळ्या कागदावर लागल्या, याहून जास्त काही म्हणता येणार नाही.

आवरताना पिनांकडे लक्ष गेलं. कुंकवाची रेघ तुटली होती. धातूवरचा तुकडा उभा, पिनेवरचा आडवा.

मी बाकावर बसलो.

नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्याला बोल्ट पुरवणाऱ्या एका लहान फर्ममध्ये मी काम करतो. माझं काम एकच. बोल्ट सैल होतो का ते पाहणं. बोल्ट आवळला की त्याच्यावरून रंगाची रेघ ओढायची. गाडी हादरवायची. रेघ तुटली तर बोल्ट फिरला. फिरला तर उद्या सैल होणार. सगळी नोकरी या एका रेघेवर झाली.

आणि आज माझ्याच रायफलीवर, आईनं ओढायला लावलेली रेघ तुटली.

चाप बिघडला आणि पिन फिरली. दोन्ही एकाच रविवारी. यात समजायला अवघड काही नाही.

८ नोव्हेंबरला क्लबाच्या संघाची निवड आहे. संघात चार जण असतात, तिघं ठरलेले आहेत. चौथा रोल्फ होता. तो उल्मला मुलीकडे राहायला गेला आणि जाताना रायफल रीतसर मला विकली. क्लबाच्या खोलीत, बारच्या मागे, भिंतीवर चार हुक आहेत. संघातल्या माणसाचा मातीचा कप क्लब बनवून घेतो, वर नाव घालून. तीन हुकांवर कप आहेत. चौथा रिकामा.

मला तो कप हवा आहे. इथं लिहायला हरकत नाही. या गावात येऊन नऊ वर्षं झाली. पत्रपेटीवर माझं नाव आहे, दारावरच्या घंटीवर आहे. दोन्हीकडे ते मीच चिकटवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टर क्नोल यांनी रविवारचा कागद पाहिला. ते संघाचे कप्तान. चाळीस वर्षं या गावाचे दात पाहिले, आता निवृत्त आहेत. कागद उजेडाकडे धरून एक्स-रे पाहावा तसा पाहिला.

"हेर आगटे, हे तुमचं नाही." हेर म्हणजे श्रीयुत. क्लबात मी अजून तोच आहे.

मी चापाचं आणि पिनेचं सांगितलं.

"आल्झो, मग घेऊन या. उघडून बघतो."

म्हटलं, आधी माझा अभ्यास होऊ दे. यंत्रात काय बिघडलं हे दातांच्या डॉक्टरनं सांगावं, एवढी वेळ अजून आलेली नाही.

घरी आल्यावर वाचत बसलो. या विषयावर माणसं भांडतात हे माहीत नव्हतं. बाजारात फिरू न देणाऱ्या पिना मिळतात. दोन्ही पिनांची टोकं बाहेरून एका पट्टीनं एकमेकींना बांधायची. एक फिरायला लागली की दुसरी तिला धरते. एक पक्ष म्हणतो, साधी पिन चाप ओढताना थोडी थोडी फिरते, अ‍ॅल्युमिनियमचं भोक झिजतं, लांबट होतं, घ्याच. दुसरा पक्ष म्हणतो, पिनेला खाच असते, स्प्रिंग त्या खाचेत बसून तिला धरते, ती बाहेर येत नाही, फिरली तर फिरली. पैसे काडतुसांवर घाला आणि सराव करा.

दुसऱ्या पक्षाचा सूर मला आवडला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी हिशेब केला. भोक किती झिजल्यावर चापाला जाणवेल, एका गोळीला किती झिजतं, मी वर्षाला किती गोळ्या मारतो. उत्तर आलं. या वेगानं भोक बिघडायला माझ्या पणतवंडांपर्यंत थांबावं लागेल.

हिशेब पुन्हा केला. तेच आलं.

तरी रेघ तुटली आहे. हिशेब कागदावर असतो, रेघ धातूवर.

न्युरेम्बर्गच्या दुकानातून पिना मागवल्या.

नंदिनी कॉफी घेऊन आली. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे फिरलं तर चालतं."

"तत्त्वतः."

"आणि तू मागवल्यास."

"फिरतं हे माहीत झाल्यावर कसं चालेल?"

"शिरीष, आपल्या पलंगाचा एक पाय तीन वर्षं हलतोय."

तो विषय वेगळा आहे. पलंगावर नेम धरायचा नसतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात बूट चावत होता. काढून पाहिला. अक्षता.

घरी स्वानंदी व्हॅक्यूम करत होती. तिनं मला सुनावलं, घरात यूबेराल, म्हणजे सगळीकडे, राइस आहे, गालिच्यात, चार्जरच्या भोकात, तिच्या गणिताच्या पुस्तकात. मी म्हटलं, अतिशयोक्ती करू नकोस, पूजा फक्त पाटावर झाली होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

सराव वाईट. चाप एकदा दोनदा अडकला. योखेन शेजारच्या जागेवर होता. तो छपरांवर सोलर पॅनल बसवतो. चौथ्या हुकासाठी माझ्यासमोर तोच आहे. हे आम्ही दोघंही बोलत नाही. त्याचा कागद चांगला होता. उठताना मला म्हणाला, "तुझी पिन अजून फिरतेय?"

मी क्लबाला विषय समजावून सांगायचं ठरवलं होतं. लॅपटॉप नेला होता. बिअरच्या टेबलावर उघडला. आधी बोल्ट, मग भार, मग मायक्रोस्कोपखाली झिजलेलं भोक, मग माझ्या कुंकवाच्या रेघेचा फोटो, पूजेच्या दिवशीचा आणि सरावानंतरचा. "हा लाल रंग कसला?" असं एकानं विचारलं. खुणेचा, असं सांगितलं. ते खोटं नाही.

शेवटच्या पानावर पिना कशा बदलायच्या ते होतं. एका वेळी एकच पिन. नवी पिन एका बाजूनं ढकलायची, जुनी दुसऱ्या बाजूनं आपोआप बाहेर येते. आतलं काहीच उचलायचं नाही. हे ठळक केलं होतं.

डॉक्टर क्नोल म्हणाले, "नियमात बसतं?"

"नियम काही म्हणत नाही."

"टोपीत पीस खोवायलाही नियम काही म्हणत नाही."

सगळे हसले. योखेन हसला नाही. त्यानं दुकानाचं नाव विचारलं, फोनवर लिहून घेतलं. मी त्याला लिंकही पाठवली. खेळात मोकळेपणा हवा.

घरी येताना बरं वाटत होतं. या गावात प्रथमच माझं बोलणं कोणी लिहून घेतलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. अर्धा दिवस रजा.

पिना आल्या, पण आम्ही घरी नव्हतो म्हणून पोस्टवाला शेजारी फ्राऊ क्नोडलर यांच्याकडे देऊन गेला. त्या पाकीट दोन बोटांत धरून दारात आल्या. पाकिटावर दुकानाचं नाव होतं, त्यात शस्त्र हा शब्द मोठ्या अक्षरात. दिवाळीचे दिवे, रांगोळी आणि मागे चांदीची लक्ष्मी त्यांनी नीट पाहून घेतली.

"पार्टी आहे?" त्यांनी विचारलं.

"संपत्तीच्या देवीची पूजा," नंदिनी म्हणाली.

फ्राऊ क्नोडलर यांनी पाकिटाकडे पाहिलं. "आखझो, असं होय," म्हणाल्या, आणि करंज्या घेऊन गेल्या.

पिना मी लक्ष्मीपुढे ठेवल्या. आई व्हिडिओवरून म्हणाली, "त्यांनाही हळदकुंकू वाहा." वाहिलं. "आणि अक्षता." नंदिनीनं माझा हात धरला. म्हणाली, "पुरे." कशासाठी ते कळलं नाही. घर नुकतंच झाडून झालं होतं, म्हणून असेल.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. पिना बसवल्या.

काम देखणं झालं. नवी ढकलली, जुनी आली. आतलं काही हललं नाही. बाहेर काळी पट्टी, दोन बारीक स्क्रू, ठरलेल्या जोरानं आवळले. त्यांच्यावरही रंगाची रेघ ओढली, ऑफिसातल्या पिवळ्या रंगाची.

नंदिनीनं मला ओवाळल्यावर तिला दाखवलं. ती म्हणाली, "छान. आत काय होतं?"

"आत बघायची गरजच पडली नाही. तीच तर गंमत आहे."

जुन्या पिना वाटीत ठेवल्या. एकीवर अजून कुंकू होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्याची वेळ सुरू झाली, घड्याळं मागे गेली. एक तास जास्त मिळाला. त्याचा उपयोग झाला नाही.

पट्टी हलली नाही. पिवळी रेघ जशीच्या तशी. पिना यत्किंचितही फिरत नाहीत.

चाप पूर्वीपेक्षा वाईट आहे.

हे दोन्ही लिहून पुन्हा वाचलं.

डॉक्टर क्नोल मागे उभे होते. "हेर आगटे, उघडून बघू या?"

"पिना बदलल्यात. बसायला वेळ लागतो."

"कवळीलाही लागतो," ते म्हणाले. "पण त्यात माणूस तोंड उघडतो."

३० ऑक्टोबर, गुरुवार

रेघ न तुटता बिघाड. असं नोकरीत कधी झालं नाही.

आज जेवताना मनात आलं की बिघाड कदाचित माझ्यात असेल. बोट असेल. डोळा असेल. वय असेल. भात चावताना हे आलं. बोललो नाही.

नंदिनी म्हणाली, "क्नोलना दाखव ना एकदा."

"काय दाखवू? सगळं घट्ट आहे."

"तेच दाखव."

स्वानंदीनं फोनवरून मान वर काढली. जर्मनमध्ये म्हणाली, पापा, तू मला काय सांगतोस, न समजलं तर हात वर करायचा.

ती समजते सगळं मराठीत. मग जर्मनमध्ये का बोलते? या विषयावर मी थोडा वेळ बोललो.

२ नोव्हेंबर, रविवार

सरावाला गेलो नाही. सर्दी असल्याचं कळवलं. सर्दी नाही.

दुपारी योखेनचा फोन. आवाज पडलेला. त्याच्याही पिना आल्या. काल बसवायला घेतल्या. त्यानं सगळं एकदम बाहेर काढलं, चाप, हॅमर, सगळं. स्वच्छ करून घालू म्हणाला. एक स्प्रिंग उडाली. धुण्याच्या खोलीत बसला होता. स्प्रिंग यंत्राखाली गेली. यंत्र सरकवलं. नाही. आता धुताना आतून टिकटिक येते.

"नवी दहा दिवसांनी येईल," तो म्हणाला. "निवड शनिवारी."

"क्लबाची रायफल आहे."

"तिचा चाप माहीत आहे ना तुला? गाईचं दूध काढल्यासारखा."

मला वाईट वाटलं. शेवटचं पान ठळक केलं होतं, त्यानं वाचायला हवं होतं. हे त्याला बोललो नाही. माझ्याकडच्या स्प्रिंगेचा आकार सांगितला, त्याच्या जातीची नव्हती.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मीही रायफल बदलू शकतो. क्लबाची एकच आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या.

आईला फोन केला. निवडीचं सांगितलं. तिनं विचारलं, "कप केवढा आहे?"

"अर्धा लिटर."

"चहाला मोठा होईल."

"चहाचा नाही, आई."

"असू दे. नाव नीट घालतील ना?"

झोपायच्या आधी जुन्या पिनांची वाटी पाहिली. पुन्हा बसवाव्यात असं वाटलं. मग वाटलं, मागे जाणं म्हणजे कबूल करणं. काय कबूल करणं ते नीट मांडता आलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमानं लिहितो.

थंडी. धुकं. लक्ष्याचे कागद करडे दिसत होते. नंदिनी आणि स्वानंदी बघायला आल्या होत्या. येऊ नका म्हटलं होतं. स्वानंदी म्हणाली, पाइनलिश होणार असेल तर मी असलेलीच बरी. हे मराठीत म्हणाली.

पहिल्या गोळ्या मोजत नाहीत, हात बसवण्यासाठी असतात. मी आडवा झालो. श्वास सोडला. चाप ओढला. अर्ध्यावर अडकला. आणखी ओढला. काही नाही. मी बोट काढलं आणि हात वर केला.

डॉक्टर क्नोल यांनी सगळी रांग थांबवली. माझी रायफल रिकामी करवली, तपासली आणि टेबलावर नेली. या वेळी विचारलं नाही. दोन भाग उघडले. कपाळावर दिवा बांधला. मग कोटाच्या वरच्या खिशातून दातांचा छोटा गोल आरसा काढला आणि टोकाला वाकवलेली ती बारीक सळई. अजून खिशात बाळगतात.

सगळे भोवती जमले. मी कोणाकडे बघितलं नाही.

"जरा उघडं राहू दे," ते रायफलीला म्हणाले. सवय.

सळई चापाच्या शेपटीखाली गेली. एक पांढुरकं, लालसर काहीतरी बाहेर आलं. त्यांनी ते रुमालावर ठेवलं. पुन्हा सळई. आणखी अर्धा. मग थोडा चुरा, तेलात भिजलेला.

दिव्याचा झोत रुमालावर आला.

"राइस," डॉक्टर क्नोल म्हणाले.

"बासमती?" योखेननं विचारलं.

"आंबेमोहोर," मी म्हणालो.

मग सांगावं लागलं. की वर्षातून एकदा आम्ही हत्यारांना नमस्कार करतो. ज्याच्यावर काम चालतं त्याला. पान्यालाही. रायफल या वर्षी पहिल्यांदाच. फूल वाहतो, रंग लावतो, तांदूळ टाकतो.

"मशीनमध्ये तांदूळ टाकता?"

"वर टाकतो. डोक्यावर."

डॉक्टर क्नोल यांनी थोडा विचार केला. "आम्ही तेल घालतो," म्हणाले.

हसणं बराच वेळ चाललं. नंदिनीही हसत होती. स्वानंदी रुमालाचा फोटो काढत होती. मीही हसलो असणार, कारण गाल दुखत होते.

"आणि ही पट्टी?" डॉक्टर क्नोल यांनी सळईनं ती ठोठावली.

"पिन फिरू नये म्हणून."

"फिरत होती?"

"फिरत होती."

"मग?"

ते सळई पुसत म्हणाले, "हेर आगटे, जबड्यात प्रत्येक दात किंचित हलतो. केसभर. निरोगी दात. जो अजिबात हलत नाही, हाडाला चिकटून बसला आहे, त्याची मला काळजी वाटायची. ही पट्टी अपाय करणार नाही. उपायही करणार नाही. माझे पेशंट सोन्याचा दात मागायचे, तसं आहे. गेनाऊ, अगदी तसंच. आता चला, धुकं उतरतंय."

चाप लोण्यासारखा आला. पहिल्या दिवशी आला होता तसा.

आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. पिन फिरत नव्हती. तांदूळ नव्हता. आता जे लागेल ते माझं.

नेहमीसारखं लागलं. फार चांगलं नाही. वाईट नाही. माझ्या हातून येतं तेवढं.

योखेन क्लबाच्या रायफलीनं माझ्या दोन रिंग, म्हणजे दोन गुण, मागे राहिला.

डॉक्टर क्नोल यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, उजेडाकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिरीष, कपावर नाव कसं लिहायचं ते कागदावर दे."

योखेननं हात मिळवला. त्याचा हात गार होता. माझाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आईला सांगितलं. तांदळाचंही.

"मी म्हटलं होतं डोक्यावर टाक," आई म्हणाली. "तू पोटात टाकल्यास."

"तू सगळीकडे म्हणालीस."

"सगळीकडे म्हणजे बाहेरून सगळीकडे. देवाला वाहताना देवाच्या तोंडात टाकतो का आपण?"

मी विषय कपाकडे वळवला.

नंदिनी भाजी चिरत होती. म्हणाली, "म्हणजे शेवटी पिना कामाला आल्या."

"कशा? दोष तांदळाचा होता. पिनांचा काही संबंधच नव्हता."

"योखेनची स्प्रिंग?"

"त्याचा आणि पिनांचा काय संबंध? त्यानं सगळं एकदम बाहेर काढलं. मी ठळक लिहिलं होतं."

"बरं," ती म्हणाली आणि भाजीकडे बघून हसत राहिली. भाजीत हसण्यासारखं काही नव्हतं. दुधी होता.

संध्याकाळी पट्टी काढली. आतलं सगळं या वेळी बाहेर घेतलं, ब्रशनं झाडलं. आणखी एक दाणा मिळाला, स्प्रिंगेच्या वेटोळ्यात. जुन्या पिना परत घातल्या. कुंकवाची नवी रेघ ओढली, सरळ, उभी.

१६ नोव्हेंबर, रविवार

सराव. चाप उत्तम.

रेघ तुटली. धातूवरचा तुकडा उभा, पिनेवरचा तिरका. बराच वेळ बघितली. मग रायफल पुसली.

पिन फिरते.

फिरू न देणाऱ्या पिना घ्याव्यात का, असं क्लबातल्या एका नव्या माणसानं विचारलं. त्याला माझं व्याख्यान कोणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, घेऊ नये असं नाही. त्यानं विचारलं, म्हणजे घ्यावं? मी म्हटलं, घेतल्या तर एका वेळी एकच बदलायची. तो गोंधळून गेला. मला याहून नेमकं काही सांगता आलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कप आला. करडा, निळ्या अक्षरांचा. अर्धा लिटर. नाव बरोबर आहे.

डॉक्टर क्नोल यांनी तो चौथ्या हुकावर लावला. भाषण केलं, तीन वाक्यांचं. तिसरं तांदळाबद्दल होतं. यापुढं संघाच्या सगळ्या रायफली वर्षातून एकदा पूजेला माझ्याकडे आणाव्यात, असा ठराव कोणीतरी मांडला, तांदळाशिवाय. तो मंजूर झाला. गंमत होती की खरं, कळलं नाही. डॉक्टर क्नोल यांनी तारीख विचारली. पुढच्या वर्षीची बघून सांगतो म्हटलं, दरवर्षी बदलते.

योखेन राखीव म्हणून संघाबरोबर असतो. त्याची स्प्रिंग आली. जुनी अजून यंत्रात आहे. बायको म्हणते, आता टिकटिक नसली तर कपडे धुतल्यासारखे वाटणार नाहीत. त्याच्या पिना त्यानं बसवल्या आहेत. त्याला त्या आवडतात. दिसायला छान आहेत, म्हणाला. हे कारण माझ्या एकाही पानावर नव्हतं.

बसल्यावर पाहिलं तर चौथा हुक सैल आहे. रोल्फच्या कपानं झिजलेला. कोणी दार उघडलं की भिंत हलते, कप हळूहळू फिरतो आणि नाव भिंतीकडे जातं. बाकीचे तीन कप नीट. माझाच.

दोन वेळा दार उघडलं. नाव गेलं. फक्त करडी पाठ दिसत होती. खिशात ती काढलेली पट्टी होती, स्क्रूसकट. का आणली होती कोण जाणे. हुकाला बसली असती. मी उठणार होतो.

योखेन बायकोचं आणि यंत्राचं सांगत होता. सांगता सांगता त्यानं बारवरून हात लांब केला, माझा कप नावानिशी खोलीकडे वळवला, आणि बोलणं न थांबवता हात परत घेतला.

थोड्या वेळानं पुन्हा दार उघडलं. पुन्हा नाव गेलं. या वेळी डॉक्टर क्नोल उठून गेले. बिअर भरायला म्हणून. येताना कप वळलेला होता.

हुक सैल आहे. मी कोणाला सांगितलं नाही.